शंभर गुणांचा ‘फ्लॉप’

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. वर मथळा, ‘मोरिन्होची माद्रिदमधली तीन वर्षं : पाच कडू सत्यं’, मधे आगीची चित्रं, आणि खाली याची स्वतःची भर : ‘मामा, आता बोल.’ पोट्टा पंधरा वर्षांचा आहे. मोहननगरच्या मैदानावर लेफ्ट बॅक खेळतो, बरा खेळतो. पण ज्या मोसमाबद्दल तो मला शिकवायला निघालाय, त्या मोसमात हा घरात रांगत होता आणि माझ्या चपला चावत होता.

एवढ्यावर मी सोडून दिलं असतं. सकाळी उठून पाहतो तर तोच मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर, आणि आयुष्यात एक सामना नव्वद मिनिटं बसून न पाहिलेल्या भाऊजींनी त्याला अंगठा दिलेला. आता बोलणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. स्पेनच्या रेयाल माद्रिद या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक जरा डगमगला की जुना प्रशिक्षक जोस मोरिन्होच्या परतीची चर्चा उठते, पण त्याची 2010 ते 2013 ही पहिली खेप फसलेली होती. कारण एक, तीन वर्षांत लीग एकच. दोन, तीही कट्टर प्रतिस्पर्धी बार्सिलोना संपली होती म्हणून मिळाली. तीन, युरोपात तिन्ही वेळा सेमीफायनलला हार. चार, ड्रेसिंग रूममध्ये फूट पाडली, गोलरक्षक कॅसिलासला संपवलं. पाच, रेयालचा दहावा युरोपियन कप सगळा नंतर आलेल्या अँचेलोटीचा, याने मागे नुसती राख ठेवली. आणि शेपटीला : गेलेला प्रशिक्षक परत आला की पडतोच.

क्रम मी माझा लावतो, कारण दुसरा मुद्दा वाचून माझा चहा थंड झाला.

‘बार्सिलोना संपली होती.’ काहून बे, कोणी सांगितलं? स्पॅनिश लीगचा 2011-12 चा गुणतक्ता उघड. कुठेही मिळतो, फुकट मिळतो. रेयाल : 38 सामने, 32 विजय, 4 बरोबरी, 2 पराभव, 100 गुण, 121 गोल. स्पेनमध्ये तोवर कोणी शंभराला शिवलं नव्हतं. गोलांचा आधीचा विक्रम 107 चा, तोही रेयालचाच, 1989-90 मधला. आता एक ओळ खाली ये. संपलेली बार्सिलोना : 91 गुण, 114 गोल, अख्ख्या मोसमात तीन पराभव. त्या संपलेल्या संघात मेसी नावाचा एक मुलगा होता, त्याने त्या वर्षी एकट्या लीगमध्ये 50 गोल केले. पन्नास! त्याच मोसमात त्यांनी क्लब वर्ल्ड कपच्या फायनलला सांतोसला चार गोल घातले आणि कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कपही उचलला. हे संपणं असेल तर आमच्या मोहननगरच्या संघालाही एकदा असं संपव रे देवा.

आणि पुढच्या वर्षी? 2012-13 ला हीच बार्सिलोना 100 गुण घेऊन पहिली आली. म्हणजे आदल्या वर्षी मेली, पुढच्या वर्षी शंभर गुण घेऊन उठली. मेसेज लिहिणाऱ्याने तक्ता पाहिलेलाच नाही, एवढाच याचा अर्थ.

‘बार्सिलोनाचा प्रशिक्षक ग्वार्डिओला तर निघूनच गेला होता’ असंही त्यात घुसडलंय. तो जाणार हे जाहीर झालं 27 एप्रिल 2012 ला. कॅम्प नोउवरचा, म्हणजे बार्सिलोनाच्या घरचा, रेयालविरुद्धचा निर्णायक सामना झाला 21 एप्रिलला. सहा दिवस आधी.

तो सामना मी पाहिलाय. आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला होता. नागपूरचा एप्रिल, खिडकीतला कूलर घरघरतोय, त्यात नुकताच नवा वाळा भरलेला, आणि मांडीवर लॅपटॉप. डोंगलवर स्ट्रीम अडखळत चाललेली. आमच्या खेदिराचा गोल नीट दिसला. सत्तराव्या मिनिटाला बार्सिलोनाच्या अलेक्सिस सांचेझने बरोबरी साधली तीही दिसली, लॅपटॉप आपटायचा राहिला. मग ओझीलने उजवीकडून चेंडू पुढे सोडला आणि स्ट्रीम अडकली. गोल गोल चकरी. चित्र हललं तेव्हा रोनाल्डो दोन्ही तळहात खाली दाबत कॅम्प नोउला ‘शांत, शांत’ म्हणत होता. म्हणजे लीगचा फैसला करणारा गोल मी थेट पाहिलाच नाही, आणि ओरडलो मात्र असा, की आई दिवा लावून बाहेर आली. तेव्हा ती लीग बार्सिलोनाने ताटात वाढून दिली म्हणणाऱ्यांना माझ्याकडून सहानुभूती मिळणार नाही.

पहिल्या मुद्द्याचं फार काही नाही. एकच लीग, बरोबर. पण त्याआधीच्या तिन्ही लीग बार्सिलोनाच्या होत्या आणि समोर ग्वार्डिओलाचा तो संघ होता. शिवाय 2011 चा कोपा देल रे, त्याच बार्सिलोनाला हरवून, जादा वेळेत रोनाल्डोच्या हेडरवर. रेयालने ही ट्रॉफी 1993 नंतर पाहिली नव्हती. (मिरवणुकीत रॅमोसच्या हातून ती बसखाली गेली, ते पाप मोरिन्होच्या खात्यात घालू नका.) 2012 चा सुपर कपही आहेच. एक मात्र कबूल करतो, त्याला भंगार संघ मिळाला नव्हता. आदल्या वर्षी आधीचा प्रशिक्षक पेलेग्रिनीने 96 गुण काढून दिले होते आणि तरी त्याला नारळ दिला गेला.

युरोपचं म्हणाल तर हरला, तिन्ही वेळा. 2012 ला बायर्नविरुद्ध पेनल्टीत रोनाल्डो आणि काकाचे फटके नॉयरने अडवले, रॅमोसचा बारवरून गेला. 2013 ला डॉर्टमुंडच्या लेवांडोव्स्कीने एकट्याने चार गोल घातले. पण हा आला त्याआधीची सलग सहा वर्षं रेयाल शेवटच्या सोळातच गारद होत होती. सहा वर्षं! दहावीला सहादा नापास झालेला मुलगा सलग तीन वर्षं पहिल्या चारात आला, तर आपण पेढे वाटू.

आता राखेकडे येऊ. 24 मे 2014, लिस्बन, दहाव्या कपची फायनल. रेयालच्या पहिल्या अकरांत वरान, कोएन्ट्राव, खेदिरा, मॉड्रिच आणि डी मारिया. पाचही जण मोरिन्होच्या काळात आलेले. अकरातले पाच. कप अँचेलोटीचाच, त्याच्या हातून कोण काढून घेतंय? पण शेतात आधी नांगर कोणी धरला तेही सांगा. भाच्या, तुझ्या भिंतीवर ज्या मॉड्रिचचं पोस्टर आहे ना, तो 2012 ला आला.

कॅसिलासचं अर्धं खरं आहे. डिसेंबर 2012 ला मलागाविरुद्ध त्याला बसवून राखीव गोलरक्षक अदानला खेळवलं, सामना 3-2 ने गेला, आणि त्यानंतर घर फाटलं ते फाटलंच. तिसरं वर्ष वाईट होतं. लीगमध्ये 15 गुणांनी मागे, कोपाची फायनल ॲटलेटिकोकडून आपल्याच घरी हरले. तो स्वतःही त्या वर्षाला कारकिर्दीतलं सगळ्यात वाईट म्हणाला होता. पण ‘संपवलं’? मोरिन्हो गेल्यावर अँचेलोटीनेही लीगमध्ये गोलरक्षक म्हणून दिएगो लोपेझच खेळवला. तेव्हा कोणी मेसेज फिरवला नाही.

मोरिन्होने बार्सिलोनाचा सहप्रशिक्षक विलानोव्हाच्या डोळ्यात बोट घातलं त्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. ऑगस्ट 2011, सुपर कप, मागून जाऊन. घाणेरडं होतं, तेव्हाही आणि आजही. मेसेजमधली ही एक ओळ मी जशीच्या तशी मान्य करतो आणि ती वाचून आजही लाज वाटते.

परत आलेला पडतोच म्हणे. कॅपेलो माद्रिदला दोनदा आला, दोन्ही वेळा लीग जिंकून गेला. झिदान परतला, 2020 ची लीग. अँचेलोटी परतला, आणखी दोन युरोपियन कप. खुद्द मोरिन्हो चेल्सीला परतला, 2015 ला लीग जिंकला आणि त्याच डिसेंबरात हाकलला गेला. त्याला परत बोलवा असं मी म्हणतच नाहीये. मला विचाराल तर नको, तिसऱ्या वर्षाची धास्ती अजून आहे.

हे सगळं घरच्या ग्रुपवर टाकलं. भाऊजींनी याच्यावरही अंगठा दिला. भाच्याचं उत्तर दोन मिनिटांत : ‘पण मामा, पाच-शून्य?’

हो रे बाबा, पाच-शून्य. 29 नोव्हेंबर 2010, कॅम्प नोउ, बार्सिलोनाने मोरिन्होच्या रेयालला धुतलं ती मॅच. आपल्याकडे रात्री दीडला सुरू झाली, सकाळी ऑफिस होतं, आणि त्या रात्री स्ट्रीम एकदाही अडकली नाही.