‘फॉन्टची एक लिंक टाका, बाकी ब्राउझर बघेल’: हा सल्ला आता थांबवा

वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा गोषवारा असा: फॉन्टसाठी डोकं शिणवू नका. गूगल फॉन्ट्सची लिंक पानाच्या हेडमध्ये टाका. तो फॉन्ट लोकांच्या ब्राउझरमध्ये आधीच साठलेला असतो, गूगलचे सर्व्हर तुमच्यापेक्षा वेगवान असतात, रिॲक्ट किंवा त्यावर उभं असलेलं नेक्स्ट वापरत असाल तर फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) बाकीचं सांभाळतं, आणि सीएसएसमध्ये (पानाच्या दिसण्याच्या नियमांत) फॉन्ट-डिस्प्लेसाठी ‘स्वॅप’ लिहिलं की उरलंसुरलंही मिटतं. फॉन्टच्या फाइल प्रोजेक्टमध्ये ठेवणं ही जुनाट पद्धत.

यातली काही विधानं एके काळी खरी होती. देवनागरीत मजकूर असलेल्या साइटसाठी आज त्यांतलं एकही पुरं टिकत नाही. हा सल्ला पाळून बांधलेल्या मराठी साइट्स फोनवर हळू उघडतात आणि वाचता वाचता ओळी हलतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

‘फॉन्ट आधीच कॅशेत, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, असतो.’ हे 2020 पर्यंत क्रोम आणि फायरफॉक्सपुरतं खरं होतं. तेव्हा कॅशे सगळ्या साइट्समध्ये सामायिक होता, म्हणून एका साइटनं आणलेली फाइल दुसरीला फुकट मिळायची. पण फाइल किती पटकन मिळते हे मोजून, तुम्ही आधी कुठली साइट पाहिली होती याचा अंदाज बांधता येत होता. ही गळती बंद करण्यासाठी क्रोमनं ऑक्टोबर 2020 मध्ये 86व्या आवृत्तीपासून कॅशे साइटनिहाय वेगळा केला. फायरफॉक्सनं जानेवारी 2021 मध्ये 85व्या आवृत्तीत तेच केलं. सफारीनं तर हे त्याच्या कितीतरी आधी केलेलं होतं. आता वाचकानं शंभर साइट्सवर ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट पाहिला असला, तरी तुमच्या साइटवर पहिल्यांदा आला की तो पुन्हा उतरवावाच लागतो.

‘गूगलचे सर्व्हर वेगवान.’ सर्व्हर वेगवान आहेतच, पण वेळ जोडणीत जातो. लिंकमुळे आधी एका डोमेनवरून सीएसएस येते, ती वाचल्यावर दुसऱ्या डोमेनवरून फॉन्ट मागवला जातो. दोन्हीकडे नाव शोधणं, जोडणी उघडणं, टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) देवाणघेवाण हे सगळं नव्यानं होतं. प्रीकनेक्ट (जोडणी आधीच उघडून ठेव, ही ब्राउझरला सूचना) लिहिल्यानं यातलं थोडं आधी उरकतं, संपत नाही. तुमच्या स्वतःच्या डोमेनशी जोडणी मात्र उघडलेलीच असते, आणि आजच्या बहुतेक होस्टिंग सेवा तुमच्या फाइलही सीडीएनवरूनच, म्हणजे वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवरूनच देतात.

इथे गूगलच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करायला हवी. त्यांची सेवा फॉन्ट लिपीनुसार तुकड्यांत देते: लॅटिनची फाइल वेगळी, देवनागरीची वेगळी, आणि कुठला तुकडा कधी आणायचा हे युनिकोड-रेंज (तो तुकडा कुठल्या अक्षरांसाठी आहे हे सांगणारी सीएसएसमधली ओळ) ठरवतं. झिप उतरवून त्यातली अख्खी टीटीएफ (फॉन्टची न आवळलेली मूळ फाइल) जशीच्या तशी प्रोजेक्टमध्ये टाकणारे स्वतःचं नुकसान करून घेतात. डब्ल्यूओएफएफ2 हेच वेबसाठी आवळलेलं स्वरूप वापरावं. ते आजच्या सगळ्या ब्राउझरना कळतं. आणि तुकडे हाती पाडायची गरजही नाही. फॉन्टसोर्स या प्रकल्पाची एनपीएम पॅकेजेस (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये घेता येणारे तयार संच) हे तुकडे युनिकोड-रेंजसकट देतात. ‘मुक्ता’चं पॅकेज घेऊन त्यातली फक्त हव्या त्या वजनाची (जाडीची) सीएसएस इम्पोर्ट केली, की वीट (Vite) हे बिल्डचं, म्हणजे साइटच्या फाइल तयार करण्याचं, साधन त्या फाइल बिल्डमध्ये घेतं आणि नावात हॅश (फाइल बदलली की बदलणारा संकेत) घालतं. म्हणजे त्या फाइल ब्राउझरला दीर्घकाळ साठवता येतात.

‘सीएसएसमध्ये लिहिलं की ब्राउझर फॉन्ट लगेच आणतो.’ आणत नाही. त्या फॉन्टचा मजकूर पानावर प्रत्यक्ष मांडायची वेळ आली, की मगच ब्राउझर फाइल मागवतो. पूर्ण ब्राउझरमध्ये रंगणाऱ्या रिॲक्ट ॲपमध्ये सुरुवातीचं पान म्हणजे एक रिकामा डिव्ह (एचटीएमएलचा चौकोन) असतो. आधी जावास्क्रिप्ट उतरणार, मग चालणार, मग कदाचित एपीआयकडून (सर्व्हरकडून माहिती मागायच्या वाटेनं) मजकूर येणार, आणि त्यानंतर ब्राउझरला कळणार की अरे, फॉन्ट लागतोय. ही रांग तोडायला प्रीलोड आहे: ‘ही फाइल आत्ताच आण’ असं ब्राउझरला सांगणारी हेडमधली ओळ. मुख्य मजकुराच्या एका फाइलला, फार तर दोन फाइलना तो लावावा. त्यात क्रॉसओरिजिन हा ॲट्रिब्यूट हवाच, फाइल तुमच्याच डोमेनवर असली तरी. तो विसरला तर प्रीलोड वाया जातो आणि तीच फाइल दोनदा उतरते.

‘फ्रेमवर्क सांभाळून घेतं.’ गंमत म्हणजे नेक्स्टनं लिंकचा मार्ग स्वतःच सोडलाय. ऑक्टोबर 2022 मध्ये नेक्स्ट 13 बरोबर आलेलं फॉन्टचं मॉड्यूल गूगलचे फॉन्ट बिल्डच्या वेळी उतरवतं आणि तुमच्या साइटवरूनच देतं. व्यवस्था उत्तम आहे, पण तिचे नमुने लॅटिन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत आणि आपण ते तसेच चिकटवतो.

नमुन्यात सबसेट्सच्या (लिपीनुसार तुकड्यांच्या) जागी ‘लॅटिन’ लिहिलेलं असतं. त्या यादीत जे असेल तेच प्रीलोड होतं. मराठी साइटवर याचा परिणाम असा, की फारशी न लागणारी लॅटिन फाइल आधी धावत येते आणि सगळं पान जिच्यावर उभं आहे ती देवनागरी फाइल मागून येते. त्या यादीत ‘देवनागरी’ हा एक शब्द घालायचा असतो. देवनागरीची फाइल जडही असते. युनिकोडच्या मूळ देवनागरी विभागात जागा 128च, पण जोडाक्षरं आणि अर्धी रूपं धरून फॉन्टमध्ये शेकडो आकार लागतात. म्हणून चार-पाच वजनं मागवण्याआधी खरंच किती लागतात ते पाहा. मजकुराला 400 आणि मथळ्याला 700 बहुतेकांना पुरतं.

दुसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. मूळ फॉन्ट येईपर्यंत दिसणाऱ्या पर्यायी फॉन्टची मापं नेक्स्ट आपोआप जुळवून देतं, जेणेकरून मजकूर हलू नये. पण जुळवणी करतं ती एरियल किंवा टाइम्स न्यू रोमनशी. एरियलमध्ये देवनागरी नाही! त्यामुळे मराठी मजकूर त्या जुळवलेल्या पर्यायाला ओलांडून थेट सिस्टिमच्या फॉन्टवर जातो: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलवर कोहिनूर. तिघांची रुंदी वेगळी, मात्रांना सोडलेली जागा वेगळी.

‘स्वॅप लिहिलं की प्रश्न मिटला.’ स्वॅपमुळे मजकूर लगेच दिसतो, हे त्याचं मोल मोठं आहे. पण खरा फॉन्ट आला की ओळी नव्यानं मोडतात, परिच्छेद खाली सरकतो आणि वाचणाऱ्याची जागा हरवते. वर सांगितलेल्या कारणानं मराठी पानावर हा धक्का जास्त बसतो. लांब लेखांच्या साइटसाठी माझं मत स्पष्ट आहे: मुख्य मजकुराला ‘स्वॅप’ऐवजी ‘ऑप्शनल’ द्या. फॉन्ट साधारण 100 मिलिसेकंदांत आला तर वापरला जातो, नाही तर त्या भेटीत सिस्टिमचा फॉन्ट राहतो आणि पुढच्या पानाला कॅशेतला मिळतो. निर्मला किंवा नोटोमध्ये मराठी वाचणं ही शिक्षा नाही. मथळ्यांना हवं तर स्वॅप ठेवा.

‘स्वतः फॉन्ट कापला (नको ती अक्षरं काढून टाकली) की फाइल हलकी होते.’ हा वरच्या सल्ल्याचा उलटा भाऊ, आणि तितकाच अर्धवट. ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये फॉन्ट घालून ‘ऑप्टिमाइझ’ दाबलं, की कधी कधी अक्षरं जोडण्याचे नियमच उडतात. मग ‘क्ष’ फुटून क, हलन्त आणि ष वेगवेगळे दिसतात. कापायचाच असेल तर फॉन्टटूल्स या साधनसंचातलं पायएफटीसबसेट (pyftsubset) वापरा. ते जोडाक्षरांचे नियम आणि त्यांना लागणारे आकार राखून ठेवतं. देवनागरी विभागाबरोबर शून्य रुंदीचे दोन जोडक (न दिसणारी, अक्षरं जोडणारी किंवा तोडणारी चिन्हं: ZWJ आणि ZWNJ) आणि रुपयाचं चिन्हही यादीत घाला, कारण ती त्या विभागाबाहेर आहेत. जुन्या मजकुरात ‘दऱ्या’मधला पापणीसारखा दिसणारा र बहुधा जोडक वापरूनच टाइप केलेला असतो, त्यामुळे चाचणीच्या पानावर ‘दर्या’ आणि जोडकानं टाइप केलेला ‘दऱ्या’ दोन्ही असू द्या. पानाची भाषा एचटीएमएलमध्ये मराठी म्हणून नोंदवा. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं दिलेली असतात, ती या नोंदीशिवाय उमटत नाहीत.

‘स्वतः होस्ट करणं कायद्याच्या भानगडीचं.’ बहुतेक वेळा उलट आहे. म्युनिकच्या न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये एका साइटच्या मालकाला 100 युरो भरपाई द्यायला लावली, कारण गूगल फॉन्ट्सच्या लिंकमुळे वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय गूगलकडे गेला होता. जर्मनीतल्या मराठी मंडळाची साइट सांभाळणाऱ्यांनी हे नक्की लक्षात घ्यावं. मुक्ता, बलू, नोटो हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ते आपल्या सर्व्हरवर ठेवायला पूर्ण मुभा आहे. परवान्याची फाइल सोबत ठेवा. परवान्यात एखादं नाव राखीव म्हणून नोंदवलेलं असेल, तर फॉन्टमध्ये बदल करून तो त्याच नावानं वाटता येत नाही. कात्री लावण्याआधी तेवढी ओळ वाचून घ्या. विकतच्या फॉन्टला वेबचा परवाना बहुधा वेगळा घ्यावा लागतो.