‘दडपलेल्या’ डिझेल हायब्रिड मोटारीविषयी

छोट्या कौटुंबिक मोटारीविषयीचा एक दावा सातत्याने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: डिझेल इंजिनाला बॅटरीवरची इलेक्ट्रिक मोटर जोडली, म्हणजेच गाडी हायब्रिड केली, की मायलेज दुप्पट होते, रेल्वे हेच तंत्र कित्येक दशके वापरत आहे, प्यूजो कंपनीने २००६ सालीच अशी गाडी तयार करून दाखवली होती, परंतु तेल कंपन्यांच्या हितासाठी ती दडपण्यात आली, अन्यथा स्वस्त आणि स्वच्छ डिझेल हायब्रिड आज सर्वांना परवडली असती. या दाव्यात खऱ्याचा काही अंश आहे आणि म्हणूनच तो पटकन पटतो. बाकीचे मुद्दे मात्र तपासणीत टिकत नाहीत.

प्रथम दुप्पट मायलेजविषयी. पेट्रोल इंजिनाचा जोर कमी करायचा असेल तर थ्रॉटलची झडप मिटून आत जाणारी हवा रोखावी लागते, आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यातच इंजिनाची काही शक्ती खर्च होते. हायब्रिडमधील मोटर नेमकी ही उणीव भरून काढते, कारण हलक्या कामाच्या वेळी ती इंजिन बंद ठेवू देते आणि इंजिन चालू असेल तेव्हा त्याला पुरेशा भाराखाली चालवते. डिझेल इंजिनाचा जोर इंधनाच्या मात्रेवर ठरतो, तेथे हवा अशी कोंडावी लागत नाही. म्हणजेच जी नासाडी थांबवण्यासाठी मोटर आणायची, ती डिझेलमध्ये मुळातच कमी असते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळवणे आणि थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद ठेवणे हे फायदे दोन्हींकडे मिळतात, हे खरे. तरीही डिझेलची बचत आणि पेट्रोल हायब्रिडची बचत वेगवेगळी मोजून त्यांची बेरीज करणे चुकीचे आहे, कारण ही दोन तंत्रे बऱ्याच अंशी एकाच ठिकाणची गळती बुजवतात.

प्यूजोचेच आकडे घेऊ. २००६ च्या ३०७ हायब्रिड एचडीआय या प्रायोगिक गाडीसाठी कंपनीने १०० किलोमीटरला ३.४ लिटर डिझेल आणि किलोमीटरमागे ९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असे आकडे जाहीर केले होते. त्या काळातील टोयोटा प्रियस या पेट्रोल हायब्रिडचे युरोपीय चाचणीतील आकडे ४.३ लिटर पेट्रोल आणि १०४ ग्रॅम असे होते. लिटरमध्ये मोजले तर फरक सुमारे २१ टक्के दिसतो. कार्बनमध्ये मोजले तर तो साडेतेरा टक्क्यांच्या आसपास उतरतो. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो, त्यामुळे लिटर हे माप डिझेलला थोडे झुकते माप देते. शिवाय ती चाचणी प्रयोगशाळेतील, सुमारे ११ किलोमीटरची आणि अतिशय सौम्य वेगवाढीची होती. तीत वारंवार थांबे असल्याने हायब्रिड गाड्यांचे आकडे अधिकच देखणे येत. फरक आहे, चांगलाही आहे, पण दुप्पट नाही.

रेल्वेचा दाखला तर पूर्णपणे गैरलागू आहे. नेहमीचे डिझेल-इलेक्ट्रिक लोकोमोटिव्ह हायब्रिड नसते. त्यात गाडी ओढण्यासाठी ऊर्जा साठवणारी बॅटरी नसते. इंजिन जनरेटर फिरवते आणि ती वीज थेट चाकांजवळच्या इलेक्ट्रिक मोटरना जाते. हजारो टनांची गाडी उभ्या अवस्थेतून हलवण्यासाठी क्लच आणि दातेरी गिअरबॉक्स व्यवहार्य ठरत नाहीत, म्हणून तेथे विजेला गिअरबॉक्सचे काम दिलेले असते. या रूपांतरात ऊर्जेचा काही भाग गमावलाच जातो. एवढेच नव्हे, तर ब्रेक लावताना या मोटरमधून निर्माण होणारी वीज अशा लोकोमोटिव्हमध्ये सहसा रोधकांमधून उष्णता म्हणून उधळून टाकली जाते. जे परत मिळवणे हा हायब्रिडचा प्राण आहे, तेच येथे हवेत सोडले जाते.

आता दडपणुकीचा आरोप. अमेरिकेत १९९३ साली सुरू झालेल्या सरकारी भागीदारीच्या कार्यक्रमातून फोर्ड, जनरल मोटर्स आणि डेमलर-क्रायस्लर यांच्या डिझेल हायब्रिड प्रायोगिक मोटारी २००० साली उघडपणे लोकांसमोर आल्या होत्या. प्यूजोच्या गटाने २००६ मध्ये गाडी दाखवतानाच सांगितले होते की २०१० पर्यंत विक्री शक्य आहे, परंतु साध्या डिझेल गाडीच्या तुलनेतील किमतीचा फरक त्यासाठी निम्म्यावर यायला हवा. दडपायच्या गोष्टीची अशी पत्रके कोणी काढत नाही. पुढे २०११ मध्ये प्यूजो ३००८ हायब्रिड४ उत्पादनात आलीही: पुढे १६३ अश्वशक्तीचे दोन लिटरचे डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ३७ अश्वशक्तीची मोटर. व्होल्वो व्ही६० आणि मर्सिडीज ई-क्लास यांच्या डिझेल हायब्रिड आवृत्त्याही विकल्या गेल्या. फोक्सवॅगनची एक्सएल१ ही गाडी लहान होती खरी, पण ती दोनच आसनांची आणि अवघ्या २५० गाड्यांपुरती आखलेली होती.

या यादीत प्यूजो ३०७च्या वर्गातील, सामान्य कुटुंबासाठीची गाडी नाही, आणि त्याचे कारण दाव्यातील ‘स्वस्त’ या शब्दातच दडले आहे. डिझेल इंजिन अधिक दाब सोसण्यासाठी भक्कम आणि जड बांधावे लागते. त्याला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), उच्च दाबाची इंधन यंत्रणा आणि काजळीचा फिल्टर लागतो. त्यावर मोटर, बॅटरी आणि बॅटरीची वीज मोटरजोगी करणारा इन्व्हर्टर यांचा खर्च चढतो. उदाहरणादाखल मानू की दोन्ही गाड्यांत एकचतुर्थांश इंधन वाचते. १०० किलोमीटरला ८ लिटर पिणारी मोठी गाडी २ लिटर वाचवील, ५ लिटर पिणारी छोटी गाडी सव्वा लिटरच. छोट्या गाडीची मोटर आणि बॅटरी थोडी लहान चालेल, पण त्यांची किंमत त्याच प्रमाणात उतरत नाही. या मुद्द्यावर दावा करणारे गप्प असतात.

स्वच्छतेचे गणितही सोपे नाही. धुरातील घातक नायट्रोजन ऑक्साइड निकामी करणाऱ्या यंत्रणेला सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढचे तापमान हवे असते, आणि फिल्टरमधील काजळी जाळण्यासाठी त्याहून बरेच जास्त. पुन्हापुन्हा बंद पडणाऱ्या इंजिनाचा धूर थंड राहतो, म्हणून तो तापवण्यासाठी जास्तीचे इंधन जाळावे लागते किंवा इंजिन मुद्दाम चालू ठेवावे लागते.

खऱ्याचा अंश राहिला. महामार्गावर एकसारख्या वेगाने लांब अंतर कापताना डिझेल काटकसरीने चालते आणि शहरात मोटर कामी येते, त्यामुळे दोन्हींची सांगड तत्त्वतः योग्यच आहे. मर्सिडीजने २०१८ मध्ये ई ३०० डीई ही चार्जिंगची सोय असलेली डिझेल हायब्रिड आणली, ती याच वापरासाठी. मात्र तिच्यासारख्या महागड्या गाडीत हा दुहेरी खर्च सामावतो, छोट्या कौटुंबिक गाडीच्या किमतीत तो सामावत नाही.