स्वीपच्या मागे कोण?

रविवारी पहाटे साडेपाचला कात्रजच्या एका पेट्रोल पंपावर चौदा मोटरसायकली उभ्या होत्या. तेरा 350 सीसीच्या, नाहीतर त्याहून दांडग्या. चौदावी माझी स्प्लेंडर, 97.2 सीसी. तो पॉइंट दोन मी मुद्दाम सांगतो. घाटात तेवढ्याचाही आधार वाटतो.

मला या क्लबात ओढलं भाच्याने. "मामा, तीस वर्षं गाडी चालवतोयस, चल की एकदा!" तीस वर्षं चालवतोय हे खरं, पण सगळी कोथरूड ते डेक्कन. त्या वाटेवर घाट म्हणावा असा एकच, नळस्टॉपचा पूल.

बेत असा होता: कापूरहोळला हायवे सोडायचा, भोर, मग नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने वळत वळत वरंध घाट, तिथे वाघजाईच्या देवळापाशी भजी आणि आल्या वाटेने परत. भज्यांसाठी दोनशेच्या घरात किलोमीटर. घरी ही एवढंच म्हणाली, "बेसन घरातही आहे."

निघण्याआधी कॅप्टनने नियम सांगितले. कॅप्टन एरवी विमा विकतो, त्यामुळे त्याच्या नियमांत मरणाचा उल्लेख फार. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायचं नाही. एक आपल्या लेनच्या डावीकडे, मागचा उजवीकडे. पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर. खड्डा दिसला की त्या बाजूचा पाय बाहेर काढून मागच्याला दाखवायचा. प्रत्येक फाट्यावर एक मार्कर थांबणार, मागच्यांना वळण दाखवणार, आणि स्वीप गेल्याशिवाय तिथून हलणार नाही. काय वाट्टेल ते झालं तरी.

"स्वीप म्हणजे?" मी विचारलं.

"सगळ्यात शेवटी असतो तो. अनुभवी माणूस लागतो. कोणाची गाडी बंद पडली तर तो थांबतो." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्हीच व्हा स्वीप."

जो नाहीतरी शेवटी येणारच आहे, त्याला पद देऊन मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत. मी मात्र खूश होतो.

ताफा निघाला आणि मला स्वीपचं खरं दुखणं कळलं. पुढचा प्रत्येक वळणावर थोडा हळू होतो, मग सुटतो. त्याच्या मागचा जरा जास्त हळू होतो आणि जास्त जोरात सुटतो. असं करत करत ते रबर चौदाव्या गाडीपर्यंत पोचतं तेव्हा कॅप्टन निवांत साठने चाललेला असतो आणि माझी स्प्लेंडर ऐंशीला दात-ओठ खात असते. शिवाय खड्डे. भोरच्या पुढे पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या पायात गोळा आला, कारण मी इमानाने प्रत्येक खड्डा दाखवत होतो. कोणाला दाखवत होतो? माझ्या मागे कोणीच नव्हतं. एक दूधवाला होता, दोन्ही बाजूंना किटल्या लावलेला. तोही स्प्लेंडरवरच. त्याने माझा लोंबता पाय पाहिला, "काय लागलं का पायाला?" असं आपुलकीने विचारलं आणि पुढे निघून गेला. माझ्या, मग आमच्यातल्या एका डॉक्टरच्या, मग कॅप्टनच्याही. किटल्या जराही न हिंदकळता.

त्याआधी कापूरहोळला एक गोंधळ झालाच होता. मार्कर हातमोजे काढत बसला आणि आमच्यातला एकजण न वळता सरळ गेला. भोरला चहा पिताना त्याचा खंबाटकी घाटातून फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'तुम्ही सगळे कुठे आहात?'

वरंधची वळणं खरंच सुंदर आहेत असं मी ऐकून आहे. मी पाहिली नाहीत. "नजर जिकडे, गाडी तिकडे," असं कॅप्टनने बजावलं होतं. वळणाच्या शेवटाकडे बघायचं, दरीकडे नाही. मला दरीकडे बघायचं नव्हतं, म्हणून मी कठड्याकडे बघितलं आणि गाडी लगेच तिकडे निघाली. मग मी कठड्याकडे न बघायचं ठरवलं, तर समोरून एसटी. एसटीच्या ड्रायव्हरला नजर-बिजर काही लागत नाही. एका हाताने स्टिअरिंग फिरवत, दुसऱ्याने तंबाखू मळत त्याने ते वळण असं घेतलं की आमच्या बारा जॅकेटवाल्यांनी कडेला उभं राहून त्याला वाट दिली.

भजी चांगली होती. पहिली प्लेट माकडाने नेली, दुसरी मी खाल्ली.

संध्याकाळी परतताना भोरच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. ताफा पुढे गेला. मी दिवा मारला, हॉर्न वाजवला, पण त्या बारा सायलेन्सरांपुढे स्प्लेंडरचा हॉर्न म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये पिपाणी. कोणाची गाडी बंद पडली तर स्वीप थांबतो. स्वीपची पडली तर कोण, हे सकाळी कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. मोबाइलने नकाशे दाखवून दाखवून केव्हाच मान टाकली होती.

गाडी ढकलत पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने ट्यूब काढली, पाण्यात बुडवायचीही तसदी न घेता म्हणाला, "व्हॉल्व्हपाशी फाटलीय. नवीनच लागेल. माझ्याकडं नाय. उद्या या." दीड तास गेला. शेवटी पुण्याला टोमॅटो नेणाऱ्या पिकअपवाल्याला दया आली. स्प्लेंडर आडवी, मी क्रेटच्या मध्ये, वरून ताडपत्री. जानेवारीतली रात्र, ताडपत्रीत ऊब आली आणि डोळा लागला. मध्ये कुठेतरी गाडी हळू झाली म्हणून फटीतून बाहेर पाहिलं. फाट्यावर अंधारात कोणीतरी हेल्मेट घालून उभं होतं, जॅकेटची पट्टी तेवढी चमकली. कोणाची तरी वाट बघतोय बिचारा, असं मनात आलं आणि मी पुन्हा झोपलो.

घरी पोचलो, गरम पाण्याने अंग शेकलं, मोबाइल चार्जिंगला लावला. हिने मुगाची खिचडी वाढली, वर तूप घातलं, पापड भाजला. पहिला घास तोंडाशी नेला तोच फोन वाजला. भाचा.

"मामा, लागला एकदाचा तुझा फोन! कुठवर आलास?"

"तू कुठे आहेस?"

"कापूरहोळच्या फाट्यावर. मार्कर ना मी. बाकीचे गेले सगळे केव्हाच." त्याचे दात वाजत होते. "बरं ऐक, घाई करू नकोस, रात्रीची वेळ आहे. सावकाश ये. मी थांबलोय."