रिले बदलला की काम झालं? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमची कॉमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा वाचली तेव्हा रागच आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं की ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मेन रिलेवर, म्हणजे त्याला करंट पोचवणाऱ्या स्विचवर, मी पोस्टमध्ये उगाच पुराण लावलंय, हॉर्नचा रिले काढून तिथं टाकायचा, गाडी चालू झाली की नवा आणायचा, आणि अगदीच अडलं तर वायर टाकून डायरेक्ट करायचं.

रिले अदलाबदल करून बघणं आधी सांगायला हवं होतं, ते माझं चुकलंच. फक्त नुसता साईज सारखा आहे म्हणून घालू नका, अंगावरचा नंबर आणि पिनांची आकृती बघा, काहींच्या आत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असतो, तिथं कॉईलच्या दोन पिना, ८५ आणि ८६, उलट्या झाल्या की गडबड.

पण "चालू झाली म्हणजे रिलेच खराब होता" हे मला पटत नाही. रिले उपसून परत दाबताना पिन सॉकेटला घासली जाते, वरचा गंज खरवडला जातो, आणि जुनाच रिले परत घातला असता तरी गाडी चालू झाली असती! माझ्याच गाडीचं सांगतो. पावसाळ्यात सेल्फ फिरायचा पण इंजिन पकडायचं नाही, स्कॅनरवर फॉल्ट कोड पी०६८९. मी तुमच्यासारखाच नवा रिले घातला, अकरा दिवस गाडी मस्त, बाराव्या दिवशी खंबाटकीच्या चढाला बंद. रिले टक वाजत होता हो. पण टक वाजणं म्हणजे फक्त कॉईलची, म्हणजे स्विच ओढणाऱ्या चुंबकाची, बाजू ठीक, मुख्य करंटच्या पिनांतून, ३० वरून ८७ ला, करंट नीट जातोय का ते त्यातनं कळत नाही. आणि हा कोड तेच सांगत होता, की ईसीएमने रिले ओढलाय पण पलीकडं व्होल्टेज कमी येतंय. कॉईलच्या सर्किटचा कोड वेगळा, पी०६८५.

मग फ्यूज बॉक्स उलटा केला, इंजिन चालू ठेवून ३० आणि ८७ च्या वायरींवर खालून मल्टिमीटर लावला. तिथं (वाटेत वाया जाणारं व्होल्टेज) फारतर ०.२ व्होल्ट दिसायला हवा, मला २.१ दिसला, तेही कोऱ्या रिलेवर. ८७ चं टर्मिनल हिरवं पडलेलं आणि फाकलेलं. सेल्फ मारताना बॅटरी तशीच दहा व्होल्टच्या आसपास उतरते, त्यात हे दोन व्होल्ट गेले की ईसीएमला उरतं काय? टर्मिनल बदललं, विषय संपला. आणि रिले काढून रिकाम्या सॉकेटात मीटर लावू नका, लोड नसताना एका तारेवर लटकलेली वायरपण बारा व्होल्ट दाखवते, तिथं हेडलाईटचा बल्ब लावून बघा, पेटतो का मिणमिणतो.

डायरेक्ट करण्याबद्दल मात्र हात जोडतो. ३० ते ८७ फ्यूज लावलेली वायर टाकून गॅरेजपर्यंत गेलात तर एकवेळ समजू शकतो, तशीच ठेवली तर चावी काढूनही ईसीएम जागा राहतो आणि सकाळी बॅटरी बसलेली. पण चुकून कंट्रोलच्या वायरला (ईसीएम जिच्यातनं रिले ओढतो ती) बारा व्होल्ट दिलेत तर ईसीएमच्या आतला ट्रान्झिस्टर उडू शकतो, मग दोनशेच्या रिलेसाठी नवा ईसीएम.

तुमची गाडी रिले बदलून तीन आठवडे चालतेय म्हणता, चांगलंय. एवढ्यात सवड काढून सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा आणि काय दिसलं ते इथंच टाका, टर्मिनलं चकचकीत निघाली तर पोस्टमध्ये वरतीच तुमचं म्हणणं चिकटवतो.