आवृत्ती 0.97

दिवसा मी विम्याचे क्लेम तपासतो. रात्री जेवणं उरकली की प्रोग्रॅम लिहितो. ते कुणी सांगितलेले नसतात, त्यांचे पैसे कुणी देत नाही आणि ते कुणी वापरतही नाही, त्यामुळे तक्रारी फार येत नाहीत. दुधाच्या हिशोबाचं अ‍ॅप, सोसायटीच्या टँकरची नोंदवही, शब्दकोडी रचणारं काहीतरी, इस्त्रीला दिलेले कपडे मोजणारं काहीतरी, असा मोठा संसार आहे. यातल्या प्रत्येकाचं लॉगिनचं पान तयार आहे. देखणं आहे. दिवसाचे रंग वेगळे, रात्रीचे वेगळे. पासवर्ड विसरलात तर नवा मिळायची सोय आहे. आत गेल्यावर मात्र अजून काही नाही.

प्रत्येकाचं डोमेनही, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेऊन ठेवलंय. पुण्यातली माणसं तळेगावला प्लॉट घेतात आणि वर्षातून एकदा कुंपण शाबूत आहे ना ते बघून येतात, तसं मी वर्षातून एकदा सगळ्यांचे पैसे भरतो. बायको म्हणते, "अरे, एखादं तरी सोड की." इस्त्रीचं सोडलं असतं, पण नाव इतकं छान मिळालंय.

या सगळ्यांत वयाने वडील म्हणजे माझी स्वतःची वेबसाइट. लेख लिहायचे आणि तिथे ठेवायचे, एवढाच हेतू. लेख नव्हते, पण सासरे होते. आप्पांनी निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमा पायी केली. परंपरेने तिला 3 वर्षं, 3 महिने आणि 13 दिवस लागतात. आप्पा त्याच्या बरेच आधी परत आले, आल्या आल्या जाडजूड वही भरून काढली, शेजारच्या मुलाकडून टाइप करून घेतली आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. "जावईबापू, तुमच्या त्या साइटवर चढवा. सावकाश."

तो शेवटचा शब्द त्यांनी उगाच उच्चारला.

पहिल्या प्रकरणाचं शीर्षक होतं 'नर्मदे हर'. साइटवर आलं '?????? ??'. खालचा मजकूरही असाच, फक्त स्वल्पविराम आणि पूर्णविराम जागच्या जागी. झालं असं, की मायएसक्यूएल हा डेटाबेस जन्माने स्वीडनचा. 2018 मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत, तुम्ही मुद्दाम वेगळं सांगितलं नाहीत, तर तो मजकूर पश्चिम युरोपच्या लिपीत साठवायचा आणि अक्षरक्रम स्वीडिश धरायचा. देवनागरी दिसली की प्रश्नचिन्ह. अक्षराला एक, मात्रेला वेगळं, पाय मोडला असेल तर त्या मोडक्या पायालाही एक. स्वीडिश माणसाला एकदम 'नर्मदे हर' म्हटलं तर तो तरी दुसरं काय करणार?

आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "एवढे प्रश्न मला मैयानेसुद्धा विचारले नाहीत हो."

ते निस्तरतोय तोवर, साइट ज्यांच्या संगणकावर राहते त्या होस्टिंगवाल्यांनी एका रात्रीत पीएचपीची, म्हणजे साइट ज्या भाषेत लिहिली होती तिची, सातवी आवृत्ती चढवली. 2015 मध्ये आलेल्या त्या आवृत्तीतून डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शनं काढून टाकलेली, आणि माझं घर नेमकं त्याच खांबांवर. साइटच्या जागी कोरं पांढरं पान. "हे आधीपेक्षा स्वच्छ दिसतंय," आप्पा म्हणाले. जावयाला याहून जास्त बोलायची त्यांच्यात पद्धत नाही.

आता खरं तर वेबसाइट बनवायची तयार साधनं होती. जेकिल 2008 पासून, ह्यूगो 2013 पासून. दोन्ही फुकट, डेटाबेसची कटकट नाही, साध्या फायली द्या आणि पानं घ्या. पण दुसऱ्याचं वापरायचं तर छंद कसला? मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतःचं लिहायला बसलो. घरातून कुरकुर झाली तेव्हा संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचा दाखला दिला. 1977 मध्ये त्यांच्या प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रितं आली. अक्षरजुळणी इतकी कुरूप, की त्यांनी लिहिणं बाजूला ठेवून जुळणीचाच प्रोग्रॅम करायला घेतला. वर्षभराचं काम वाटलं होतं, सुमारे दहा वर्षं लागली. त्या 'टेक'ची आवृत्ती प्रत्येक दुरुस्तीला गणितातल्या पायच्या (π) किमतीकडे सरकते; 2021 मध्ये ती 3.141592653 झाली. माझीही 0.95, 0.96, 0.97 अशी एकाकडे सरकतेच आहे.

बायकोने फोनमध्ये डोकं घातलं आणि म्हणाली, "पण त्यांचा पहिला खंड 1968 सालीच छापून झाला होता."

वाद चालू असताना घरातलं वाय-फाय बंद ठेवावं.

नव्या प्रोग्रॅमने मजकूर अगदी बरोबर दाखवला. गोंधळ झाला तो पत्त्यात. शीर्षकातून पानाचा पत्ता बनवताना 'अक्षर नसेल ते गाळ' असा नियम मी घातला होता, आणि पायथनच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही अक्षरंच नव्हेत. त्याने ती इमानाने गाळली. 'काकूंची भाकरी' हे प्रकरण 'ककच-भकर' या पत्त्यावर राहायला गेलं. 'नर्मदे हर'चं झालं 'नरमद-हर'.

आप्पांना ते फार आवडलं. "नराचा मद हरण करणारी! वा, जावईबापू, हे मला सुचलं नसतं." लगेच बहिणीला फोन करून सांगितलं. मी नम्रपणे गप्प बसलो आणि मात्रा न गाळणारी कोडची लायब्ररी लिहायला घेतली. तिचं डोमेन मिळालं.

त्या लायब्ररीचं अजून चाललेलंच आहे. मधल्या काळात आप्पा फोनवर बोलून टाइप करायला शिकले आणि रोज सकाळी एकेक प्रकरण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागले. आता त्यांना इंदूरहून आणि न्यू जर्सीहून वाचक विचारतात, की ते किनाऱ्यावरच्या साधूचं प्रकरण कुठलं? आप्पांना सापडत नाही. म्हणून परवा माझ्याकडे आले. "सगळ्यात शोधता येईल असं काहीतरी करून द्या. साधंच."

साधं कसं असेल? 'किनाऱ्यावर'मधला तो ऱ्य संगणकात निदान तीन तऱ्हांनी साठवता येतो, आणि दिसायला तिन्ही सारखेच. आप्पांचा फोन एक लिहितो, शेजारचा मुलगा दुसरा लिहायचा. शोधणाऱ्याने तिसरा लिहिला तर साधू जन्मात सापडणार नाही. म्हणजे आधी हे तिन्ही एकत्र आणणारं काही हवं, ते हवं तर आप्पांची सगळी प्रकरणं तपासायला हवीत, आणि तपासायची तर कुणी काय बदललं याची नोंद हवी.

नोंद हवी म्हणजे लॉगिन आलं. ते पान त्याच रात्री तयार झालं.