तो 'नुसता दगड' नाही

आज सकाळी एका ग्रुपवर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा फोटो आला. खाली कुणीतरी लिहिलं, "नुसता दगड आहे, केवढी जागा अडवलीय!" आणि त्याला धडाधड अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय.

अहो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटून लाव्हा वाहत होता. लाखो वर्षं, थरावर थर. सह्याद्रीच्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतात ना, ते हेच थर. रायगड त्याच दगडाचा. कान्हेरी, घारापुरी त्याच दगडात कोरलेली. गिल्बर्ट हिलचा लाव्हा थिजताना आकसला, त्याला उभ्या चिरा गेल्या आणि दोनशे फुटी काळे खांब तयार झाले. आजूबाजूचा सगळा डोंगर खडीसाठी फोडून खाल्ला आपण. एवढाच उरलाय!

माझ्या मामाचं यवतमाळकडे शेत आहे. लहानपणी मे महिन्यात गेले, तर काळ्या जमिनीला एवढ्या भेगा की मामाने कोपरापर्यंत हात घालून दाखवला. मी घाबरले. तो म्हणाला, "काई नाई होत पोरी, पानी पडलं का मिटते ते." ती काळी माती म्हणजे हाच बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, झिजून झिजून झालेली. पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, ओल धरून ठेवते, म्हणून त्यात कापूस येतो. त्या कापसावर गिरणगाव चाललं. आपल्यापैकी कितीजणांच्या आजोबांची चूल त्यावर पेटत होती, सांगा बरं.

काळी माती असूनही मामाची दुबार पेरणी टळत नाही, हे मान्य. टेकडीखाली राहणाऱ्यांना दगड पडायची भीती वाटते, तीही खरी. त्यांची नीट सोय करा की. टेकडीवर कशाला उठता?

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. वरळीत लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेले बेडकांचे जीवाश्म आठवले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तिथे तळी साचली, त्यात बेडूक नांदले. मामाच्या त्या भेगेत पहिल्या पावसानंतर हिरवं काहीतरी उगवलेलं असायचं, तसंच.

पण 'नुसता दगड' म्हणालात ते मी विसरणार नाही. महापालिकेने २००७ मध्ये त्याला हेरिटेजचा दर्जा दिलाय, तरी भोवतीच्या इमारतींमुळे तो रस्त्यावरून धड दिसत नाही.

रविवारी सकाळी भाचरांना घेऊन मी वर गावदेवीच्या देवळापर्यंत जाणार आहे. कातळातल्या पायऱ्या आहेत, लहान मुलंही चढतात. यायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा. त्या ग्रुपवाल्यांनीही या.