तारांगणाचा एक शो पुरतो का?

पालकांच्या ग्रुपवर फिरतंय: ‘तारांगणात एकदा नेलं की मुलांना अवकाश आपोआप समजतं.’ आपोआप काही होत नाही. अमेरिकेत संशोधक ज्युलिया प्लमर यांनी तारांगणात पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली मुलं नुसती मान टेकून बसली नव्हती, सूर्य-चंद्राची वाट हात फिरवून दाखवत होती. त्यांची समज खरंच सुधारली. तारांगणाच्या घुमटाचा फायदा आहेच. उन्हाळ्यात सूर्य किती वर चढतो, हिवाळ्यात किती कलतो, हे सपाट फळ्यावर दाखवताना शिक्षकांचा घाम निघतो! पण चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा (मोठ्यांतही मुरलेला) गैरसमज नुसत्या देखाव्यानं जाईलच असं नाही. त्यासाठी अंधाऱ्या खोलीत एक दिवा (सूर्य) लावा आणि मुलाच्या हातात चेंडू (चंद्र) द्या.